इंजिनचे काम झाले, आता पुढे?



आज आम्ही मोटरसायकलविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, गुरुजींचा आणि मोटरसायकलचा काय संबंध? संबंध आहे. आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत काढली. पहिलीतल्या मुलाला सुरुवातीच्या दोन-चार महिन्यांत जी सवय लागते, ती पुढे टिकते. इंजिनचेही तसेच असते. नवे काम केलेल्या इंजिनला पहिल्या काही दिवसांत जे वळण लागते, तेच पुढे राहते.

आपल्या लाखनी तालुक्यात आज मोटरसायकल ही चैन राहिलेली नाही. तिच्यावर दूध डेअरीत जाते. खताची थैली येते. रात्री घरात कोणाचे दुखले-खुपले, तर तीच दवाखान्यात नेते. पूर्वी असे नव्हते. तेव्हा बुलेट, राजदूत, जावा अशा थोड्याच गाड्या होत्या, आणि त्या मोठ्या लोकांच्या दारी दिसत. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० ही गाडी आली. ती थोड्या पेट्रोलवर पुष्कळ चाले. तशा हलक्या गाड्या मग गावोगाव पोचल्या.

गाडी आली की तिचे इंजिन झिजणेही आले. आठ-दहा वर्षे गाडी राबते. मग निळा धूर मारू लागते, तेल पिऊ लागते, चढावर दम टाकते. मिस्त्री म्हणतो, "बोअर करावे लागेल. पिस्टन, रिंगा नव्या टाकाव्या लागतील." काही हजार रुपये खर्च होतात. धान विकून, नाही तर उसने घेऊन आपण ते देतो. गाडी घरी येते. आणि खरे काम त्या दिवसापासून सुरू होते. हे पुष्कळांना ठाऊक नसते. अर्धे काम मिस्त्रीचे असते. उरलेले अर्धे मालकाचे असते.

दोन मालक

आमच्या ओळखीच्या दोघांची गोष्ट सांगतो. नावे सांगत नाही.

पहिल्याने वैशाखात इंजिनचे काम करून घेतले. त्याच संध्याकाळी तिघे जण बसून साकोलीच्या बाजूला लग्नाला निघाले. महामार्ग गुळगुळीत, ऊन कडक, गाडी नवीन झाल्याचा आनंद. गाडी ताणली. आठ दिवसांच्या आत इंजिन धरले. म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसला. तो म्हणाला, "मिस्त्रीने फसवले."

दुसऱ्याने ही गोष्ट ऐकली होती. तो घाबरला. त्याने गाडी अंगणात स्टँडवर लावली आणि रोज तास-तासभर नुसती चालू ठेवली. रस्त्यावर काढली तरी बैलगाडीच्या चालीने. दोन महिन्यांनी त्याचीही गाडी निळा धूर मारू लागली. तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, मी तं गाडीले फुलावानी जपलो. मंग धूर काहून मारते?"

एकाने फार ताणली. एकाने फार जपली. पैसे दोघांचेही गेले. असे का झाले, ते आता पाहू.

आत काय चालते?

सिलिंडर म्हणजे एक गोल नळकांडे. त्यात पिस्टन खाली-वर होतो. पिस्टनच्या अंगावर बांगड्यांसारख्या तीन रिंगा असतात. वरच्या दोन रिंगा पेट्रोलच्या जाळाचा दाब खाली निसटू देत नाहीत. तिसरी रिंग भिंतीवरचे जादा तेल खरवडून खाली सोडते. रिंगा भिंतीला नीट चिकटून बसल्या, तर गाडीत ताकद राहते. नाही बसल्या, तर तेल वर चढून जळते. तोच निळा धूर.

आता एक हिशेब करू. सीडी १०० गाडीचे सिलिंडर आतून ५० मिलिमीटर रुंद. पिस्टन एका खेपेला साडेएकोणपन्नास मिलिमीटर सरकतो. इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर पिस्टनच्या ८००० खेपा होतात. म्हणजे मिनिटाला सुमारे ४०० मीटर घासणे झाले. तासाला जवळजवळ २४ किलोमीटर. एवढा प्रवास रिंगा भिंतीला घासून करतात. मध्ये फक्त तेलाचा पातळ थर असतो.

पिस्टन आणि भिंत यांच्यामध्ये जागा किती असते? मिलिमीटरचे शंभर भाग करा. त्यातले दोन-चार भाग. आपल्या डोक्याचा केसही त्याहून जाड असतो.

त्यात उष्णता किती? पेट्रोल पेटते तेव्हा जाळ २००० अंशांच्या वर जातो. पिस्टन अॅल्युमिनियमचा असतो. अॅल्युमिनियम ६६० अंशांला वितळते. मग पिस्टन वितळत का नाही? कारण जाळ क्षणभरच असतो. पिस्टनची उष्णता रिंगांतून भिंतीत जाते, आणि भिंतीतून बाहेरच्या वाऱ्यात जाते. रिंगा अजून नीट बसल्या नसतील, तर ही वाट अरुंद असते. शिवाय नवे भाग जास्त घासतात, म्हणून उष्णताही जास्त.

लोखंड तापले की फुगते, हे तुम्हाला शिकवायला नको. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोहार ती आधी तापवतो. फुगली की चाकावर बसवतो आणि पाणी ओततो. थंड झाली की ती चाकाला घट्ट आवळते. अॅल्युमिनियम तर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. भिंत लोखंडाची, पिस्टन अॅल्युमिनियमचा. फार तापले, की पिस्टन फुगून भिंतीला लागतो. पहिल्या मालकाचे असेच झाले.

जाते टाकल्यासारखे

मग दुसऱ्याचे काय चुकले? हे आमच्या भगिनींना लवकर कळेल.

जाते गुळगुळीत झाले की दळण निघत नाही. मग टाकीवाला येऊन जात्याला टाके घालतो. पाळू खरबरीत होते. बोअर केल्यावर सिलिंडरलाही तसेच करतात. आतल्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा पाडतात. त्याला मिस्त्री होनिंग म्हणतात. त्या रेघांत तेल टिकते. आणि त्या खरबरीतपणावर घासून नवी रिंग भिंतीच्या मापाची होते. रिंग भिंतीला घासते, भिंत रिंगेला घासते. दोघी एकमेकींच्या मापाच्या झाल्या, की घासणे कमी होते.

पण रिंग भिंतीवर दाबली गेली, तरच हे होते. तिला दाबते कोण? पेट्रोलच्या जाळाचा दाब. तो रिंगेच्या मागे शिरतो आणि तिला बाहेर रेटतो. गाडी स्टँडवर नुसती चालू असली, तर दाब फार थोडा. रिंग हलके हलके सरकत राहते. रेघांतले तेल तापून तिथेच भाजते. भिंतीवर वार्निश लावल्यासारखा चकचकीत थर धरतो. मग रिंग कधीच बसत नाही. इंजिन पुन्हा उघडून भिंत घासावी लागते. शिवाय उभ्या गाडीला वारा लागत नाही, म्हणून ती तापते ती वेगळीच.

गोऱ्हा औताला शिकवताना आपण काय करतो? पहिल्याच दिवशी त्याला चिखलात नांगराला जुंपत नाही. जुंपला, तर बसतो. पण त्याला नुसता गोठ्यात बांधूनही ठेवत नाही. ठेवला, तर तो शिकत नाही. हलके काम देतो, थोडा वेळ देतो, मग सोडतो. दुसऱ्या दिवशी थोडे जास्त. इंजिनला हेच हवे.

काय करावे?

आता हलक्या, फोर-स्ट्रोक गाडीसाठी सांगतो. गाडीबरोबर कंपनीचे पुस्तक असेल, तर त्यातले आकडे आधी पाहा. पुस्तक नसेल, तर पुढचे धोरण ठेवा.

पहिला दिवस. गाडी सुरू करण्याआधी तेल पाहा. तेल पट्टीवरच्या दोन खुणांच्या मध्ये असले पाहिजे. गाडी सुरू झाली, की दोन-तीन मिनिटांत तेल कुठून गळते का ते पाहा. गळत नसेल, तर लगेच रस्त्यावर काढा. स्टँडवर तासभर चालू ठेवू नका. सकाळी किंवा संध्याकाळी काढा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्या दुपारी नवे इंजिन तापवू नये. दहा-पंधरा किलोमीटर चाला आणि घरी या. इंजिन हाताला थंड लागेपर्यंत थांबा. मग पुन्हा काढा. पहिल्या दिवशी अशा दोन-तीन फेऱ्या पुरेत.

चाल कशी ठेवावी? एकाच वेगाने लांब जाऊ नका. २५ वरून ४० पर्यंत वेग हळूहळू वाढवा. मग मूठ सोडा. वेग आपोआप कमी होऊ द्या. पुन्हा वाढवा. मूठ पिळली, की दाब वाढून रिंग भिंतीला बसते. मूठ सोडली, की आत ओढ निर्माण होते, थोडे तेल वर येते आणि भाग गार होतात. म्हणून महामार्गापेक्षा लाखनी-पालांदूरसारखा गावागावांतून जाणारा रस्ता बरा. तिथे वेग आपोआप कमी-जास्त होतो. महामार्गावर एकच वेग धरून भंडाऱ्यापर्यंत जाण्याचा मोह होतो. तो पहिल्या पाचशे किलोमीटरपर्यंत टाळा.

मूठ अर्ध्याच्या वर पिळू नका. वेग ४०-४५ च्या वर नेऊ नका. पण चौथ्या गियरमध्ये वीसच्या वेगाने इंजिनला धडधडतही नेऊ नका. ते त्याच्या छातीवर ओझे ठेवण्यासारखे आहे. वेग कमी झाला, की खालचा गियर टाका.

पहिले पाचशे किलोमीटर एकट्याने बसा. धानाचे पोते नको, दुधाचे कॅन नको, डबलसीट नको. पाचशेनंतर दोघे बसा, वेग थोडा थोडा वाढवा. हजार झाले, की गाडी नेहमीसारखी वापरा.

पहिले तेल पोटात ठेवू नका

पुन्हा जात्याकडे येऊ. टाके घातल्यावर पहिले दळण आपण खात नाही. त्यात दगडाची कच असते. ते काढून टाकतो. इंजिनचे पहिले तेलही तसेच. घासताना लोखंडाची बारीक कणी तेलात उतरते. ५० ते १०० किलोमीटर झाले, की ते तेल काढून टाका. एका ताटलीत घेऊन उन्हात धरा. त्यात चकाकणारी कणी दिसेल. तीच कणी आत फिरत राहिली, तर नवे भाग खरडते. दुसऱ्यांदा तेल ५०० किलोमीटरला बदला. त्यानंतर पुस्तकाप्रमाणे. या गाड्यांना एक लिटरहून कमी तेल लागते. हा खर्च वाचवू नका. काढलेले तेल विहिरीजवळ किंवा बांधीत ओतू नका. मिस्त्रीकडे द्या.

तेल मोटरसायकलचेच घ्या. मोटारीचे काही तेल फार निसरडे असते. मोटरसायकलचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. मग तो घसरतो. डब्यावर काय लिहिले आहे, ते वाचल्याशिवाय डबा उघडू देऊ नका. इंग्रजी असेल, तर घरच्या पोराकडून वाचून घ्या.

पाचशे किलोमीटरला गाडी मिस्त्रीला दाखवा. इंजिन थंड असताना हेडचे नट तपासायला सांगा. वॉलची फट आणि चेनही पाहायला सांगा. नवे काम तापते, थंड होते, आणि त्यात नट थोडे सैल पडू शकतात.

धूळ आणि चिखल यांकडेही पाहा. मुळात इंजिन झिजले कशाने? बहुतेक वेळा धुळीने आणि जुन्या तेलाने. चुरणीच्या दिवसांत हवेत किती भुसा उडतो, ते आपण पाहतो. हवेची जाळी फाटकी असेल, तर तो सरळ सिलिंडरमध्ये जातो. काम करताना ती जाळी नवी टाका. आणि रोवणीच्या दिवसांत सिलिंडरबाहेरच्या पातळ पट्ट्यांत चिखल भरतो. त्या पट्ट्या वारा लागावा म्हणून असतात. चिखल वाळण्याआधी काढा. पण तापलेल्या इंजिनवर पाणी ओतू नका.

कोणाकडे अजून जुनी लुना किंवा राजदूत असेल, तर तिची रीत थोडी वेगळी. तिचे तेल पेट्रोलमध्येच मिसळतात. काम केल्यावर पहिल्या काही टाक्यांना तेल किंचित जास्त घालतात. उतारावर मूठ पूर्ण बंद करून लांब जाऊ नका. पेट्रोल बंद झाले, की तेलही बंद होते.

धोक्याच्या खुणा

गाडी चालता चालता आपोआप जड वाटू लागली, आवाज आवळल्यासारखा झाला, वेग पडू लागला, तर एक क्षण दवडू नका. क्लच दाबा. गाडी बाजूला घ्या. इंजिन बंद करा. क्लच दाबला नाही आणि पिस्टन अडकला, तर मागचे चाक जाम होते, आणि मग माणूस पडतो. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत किक मारू नका. अर्धा-पाऊण तास झाडाखाली बसा.

सुरुवातीला थोडा धूर निघाला, तर भिऊ नका. बसवताना लावलेले तेल जळते. पण हजार किलोमीटरनंतरही निळा धूर राहिला आणि तेल कमी होत गेले, तर रिंगा बसल्या नाहीत असे समजा. मिस्त्रीकडे जा.

नाही म्हणायला शिका

या सगळ्यांत अवघड काय आहे, सांगू? तेल बदलणे अवघड नाही. हळू चालवणेही नाही. अवघड आहे ते मागायला आलेल्याला नाही म्हणणे.

इंजिनचे काम झाले, हे गावात लगेच कळते. कोणी बाजाराला मागतो, कोणी बारशाला. जावई आला आणि म्हणाला, "मामाजी, दोघे जण जाऊन येतो," तर काय करावे? खोटे बोलू नका. गाडी बिघडली, असे सांगू नका. खरे सांगा. "जवाईबापू, गाडी तुमचीच आहे. पण तिचे आणखी तीनशे किलोमीटर व्हायचे आहेत. तोवर तिच्यावर दोघे बसवायचे नाहीत. चला, एस.टी.पर्यंत मी तुमच्यासंगे पायी येतो." शहाणा जावई रागावत नाही.

इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात लोक नव्या मोटारीच्या मागच्या काचेवर चिठ्ठी लावत. "गाडी नवी आहे, तुम्ही पुढे जा," अशा अर्थाची. त्यात त्यांना लाज वाटत नसे. आता कारखान्यात भाग फार बारकाईने घासून येतात, म्हणून तशा चिठ्ठ्या राहिल्या नाहीत. पण आपले बोअर गावाकडच्या यंत्रावर होते. त्याला ही सबुरी अजून लागते. तुम्हीही गाडीला कागद चिकटवा. लिहा, "इंजिन नवे आहे." आता तुम्हाला लिहिता येते.

एक वही करा

शेवटची गोष्ट. एक चार आण्याच्या जमान्यातली असते तशी साधी वही करा. वर कामाची तारीख लिहा. त्या दिवशी मीटरवर किती किलोमीटर होते, ते लिहा. मीटरवरचे आकडे इंग्रजी असतात. ते दहाच आहेत. दोन संध्याकाळींत येतात. त्याखाली शंभर, पाचशे आणि हजार मिळवून तीन आकडे लिहा. समजा, मीटर ४२,३०० वर आहे. तर ४२,४००, ४२,८०० आणि ४३,३०० असे लिहा. पहिल्या आकड्याला तेल. दुसऱ्याला तेल आणि नट. तिसऱ्याला मोकळीक.

पिस्टनचे मापही लिहून ठेवा. नव्या पिस्टनच्या डोक्यावर २५, ५०, ७५ असा आकडा असतो. २५ म्हणजे मूळ मापापेक्षा पाव मिलिमीटर मोठा. ५० म्हणजे अर्धा. दर बोअरला सिलिंडरची भिंत थोडी पातळ होते. साधारणपणे एक मिलिमीटरपर्यंत वाढवता येते. पुढे नवे सिलिंडर घ्यावे लागते. म्हणजे एका सिलिंडरला फार तर चार वेळा बोअर. त्यातले एक आठ दिवसांत घालवले, तर ते परत येत नाही.

बिल घ्या. वाचा. वहीत ठेवा. पुढे काही बिघडले, तर "मिस्त्रीने फसवले" असे नुसते म्हणू नका. वही काढा आणि दाखवा. "या तारखेला काम झाले, इतक्या किलोमीटरवर तेल बदलले, कोणाला गाडी दिली नाही." मग चूक कोणाची, ते दोघांनाही कळेल. चांगल्या मिस्त्रीला अशा गिऱ्हाइकाचा आदर वाटतो.

पहिल्या हजार किलोमीटरला आपल्याला महिना-दीड महिना लागतो. तेवढे दिवस सांभाळले, तर इंजिन पुढे वर्षानुवर्षे राबते. रात्री दोन वाजता घरात कोणाला दवाखान्यात न्यायचे झाले, तर पहिल्या किकला उठते. तेवढ्यासाठी हा त्रास आहे.

आता घरी जा आणि वहीचे पहिले पान लिहा.